ओल्या हवेतले स्फटिक

दादाचा फोन आला तेव्हा मी त्याला झापायच्या तयारीतच होते. आदल्या दिवशी दोनदा फोन केला होता, त्यानं उचलला नव्हता आणि नंतर स्वतःहून केलाही नव्हता. "काय रे, असतोस कुठे?" अशी मी सुरुवातही केली. पलीकडून तो एवढंच म्हणाला, "सुषे, रोहिणी गेली गं." आणि मी, दोन्हीकडची माणसं स्मशानात पोचवलेली, केस पिकलेली बाई, विचारती झाले, "कुठे?" मग मला कळलं. खरं सांगायचं तर त्या प्रश्नात माझी काही चूक नव्हती. रोहिणीवहिनी गेली म्हणजे कुठेतरी काहीतरी बघायला गेली, असाच आमच्या घरात त्या शब्दांचा अर्थ होता. कुणाच्या बारशाला गेलो तर सगळ्या बायका पाळण्याभोवती आणि ही मागच्या दारी आचाऱ्याचा पाक बघत उभी. त्या दिवशी सकाळचा चहा अर्धा पिऊन झाला, "छातीत जरा कसंतरी होतंय" म्हणाली, आणि दादा पाणी घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं.

त्याला आता पाचेक आठवडे झाले. त्या दिवशी मी सिकंदराबादहून हिमायतनगरला दादाकडे पोचले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं आणि जो तो दादाला सांगत होता की वहिनी लोखंडाच्या फार मोठ्या शास्त्रज्ञ होत्या. मला इतका राग आला की विचारू नका. लोखंडाचं तिनं आयुष्यात काही केलं नाही. लोखंडाला विचारणारे पुष्कळ आहेत, असं ती म्हणायची. तिचं काम होतं ते मळीवर. भट्टीत खनिज वितळलं की लोखंड तळाशी बसतं आणि वर जो रस तरंगतो, बाजूला काढून ओतून देतात, ती मळी. कारखान्यातले लोक तिला स्लॅग म्हणतात. कारखान्याच्या मागे तिचे डोंगर साठतात. वहिनी नोकरीची सगळी वर्षं शहराच्या एका टोकाच्या सरकारी प्रयोगशाळेत बसून एकच गोष्ट विचारत राहिली : हा रस गार होताना त्याच्या आत काय होतं? पाण्याचा जोरदार फवारा मारून झटकन गार केला तर त्याची काचेसारखी वाळू होते, ती सिमेंटला चालते. जमिनीवर ओतून आपोआप गार होऊ दिला तर आत स्फटिक धरतात आणि दगड होतो, तो रस्त्याला चालतो. एखादी मळी तर अशी असते की गार होऊन चांगला दगड झाल्यावर आपली आपण भुगा होऊन पडते. रस एकच, फक्त गार कसा झाला यावर त्याचं पुढचं सगळं ठरतं. हे मला इतकं पाठ आहे कारण तिनं ते मला पोळ्या लाटताना, बसची वाट बघताना, एकदा तर माझ्या दाढेचं मूळ काढत असताना बाहेरून, दाराआडून सांगितलेलं आहे.

ती पुण्याची. आम्ही इथले. आजोबा नांदेडकडची शेती भावांवर सोडून निजामाच्या काळात इकडे आले ते इथलेच झाले, त्यामुळे आमच्या मराठीत 'हो'चं 'हौ' आणि 'नको'चं 'नक्को' होऊन ते मीठ-मिरचीसारखे पडतात. नवी सून आली तेव्हा आई तिला म्हणाली, "पोरी, तूप कढव, हौ?" वहिनीला वाटलं आई काहीतरी विचारते आहे, म्हणून ती उत्तर शोधत उभी राहिली. मग तिनं तूप कढवलं खरं, पण ते तीन वाट्यांत ओतलं. एक वाटी फ्रिजमध्ये, एक ओट्यावर, आणि एक टॉवेलमध्ये गुंडाळून शेगडीच्या कडेला. आई माझ्याकडे बघायला लागली. दुसऱ्या दिवशी वहिनीनं तिन्ही वाट्या आईपुढे मांडल्या. फ्रिजमधलं तूप मेणासारखं गुळगुळीत होतं, ओट्यावरचं बारीक रव्याचं, आणि टॉवेलातलं असं सुरेख रवाळ की एकेक दाणा जिभेवर वेगळा लागावा. "एकाच कढईतलं आहे, आई," ती म्हणाली. "सावकाश गार झालं की दाण्याला मोठं व्हायला वेळ मिळतो." आईनं टॉवेलातली वाटी उचलली, चाटून बघितली आणि म्हणाली, "उद्यापासून टॉवेल वेगळा ठेव, अंग पुसायचा नक्को." सून पास झाली. मी तोवर तिला अहो-जाहो करत होते, त्या तुपानंतर कधीतरी 'तू'वर आले.

मी रेल्वेत होते, सिकंदराबाद स्टेशनवर, चौकशीच्या खिडकीत. गाडी कधी येणार, कुठल्या फलाटावर, उशीर किती, का... दिवसभर उत्तरं देऊन जीभ वाळायची. सुटीच्या दिवशी भावाकडे जावं तर तिथं वहिनी प्रश्नांची पिशवी उघडून बसलेली. "सुषमा, मध दिवाळीनंतरच का थिजतो गं?" "खोबरेल आधी कडेनं का गोठतं?" मी म्हणायचे, "वहिनी, खिडकी बंद झाली आहे." ती हसायची आणि पुन्हा विचारायची. उत्तर मी द्यावं अशी तिची अपेक्षा नसे. तिला फक्त प्रश्न मोठ्यानं म्हणून बघायचा असे, आणि मी आयती सापडत असे.

तिच्या खोलीतलं मुख्य यंत्र म्हणजे एक सूक्ष्मदर्शक आणि त्याच्याखाली वाकवलेली प्लॅटिनमची तार. त्या तारेच्या टोकाला मोहरीएवढी मळी ठेवायची, तारेतून वीज सोडून ती वितळवायची. थेंब पारदर्शक होतो आणि दिव्यासारखा पेटतो. मग वीज हळूहळू कमी करायची आणि बघत बसायचं, पहिला स्फटिक कधी धरतो. तेवढंच. किती अंशांवर, किती वेळानं, आणि दिसतो कसा : चौकोनी ठोकळ्यासारखा की नेच्याच्या पानासारखा फांद्या फुटलेला. एका हिवाळ्यात बसून वहिनीनं एका जातीच्या मळीचा पूर्ण आलेख काढला, तो परदेशी नियतकालिकात छापून आला, आणि दादानं पेढे वाटले. पेढे कशाबद्दल, असं विचारणाऱ्याला तो "स्फटिक झाले" असं सांगायचा, आणि लोक त्याचं अभिनंदन करायचे.

मग स्वप्ना आली. वरंगळकडची मुलगी, बारीक, बोलायला भित्री, पण नजर अशी की सुईत दोरा एका फटक्यात. ती वहिनीच्या हाताखाली संशोधनाला लागली, आणि वहिनीचा आलेख पुढे न्यायचा तर आधी तो एकदा स्वतः काढून बघावा, म्हणून तिनं तेच काम उन्हाळ्यात पुन्हा केलं. तिचे स्फटिक लवकर धरले. थोडेसे नव्हे, चांगलेच लवकर. वहिनीच्या आलेखात जिथं थेंब अजून स्वच्छ काच असायला हवा, तिथं स्वप्नाच्या थेंबात फांद्या फुटलेल्या. प्रयोगशाळेच्या मोठ्या साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितले आणि खापर अर्थातच पोरीच्या डोक्यावर फुटलं. हात स्थिर नाही, तार नीट पुसत नाही, घाई करते. ते वाईट गृहस्थ नव्हते. छापून आलेलं एकीकडे आणि नवी मुलगी दुसरीकडे, तर कुणीही तेच म्हटलं असतं. पण त्यांनी तिला दुसरा विषय घ्यायला सांगितलं, आणि दोन वर्षं खर्ची पडल्यावर दुसरा विषय म्हणजे घरी परत जाणं, हे तिला आणि सगळ्यांनाच माहीत होतं.

एका रविवारी वहिनीनं तिला जेवायला आणलं. पानावर बसल्या बसल्या त्या मुलीनं मला हळूच सांगितलं, "आंटी, मैं आँखाँ दिखाके आई डॉक्टरकू. दो बार." डॉक्टरांनी दोन्ही वेळा डोळे उत्तम आहेत म्हणून सांगितलं होतं. "मगर मेरेकू नै लगता." हे वहिनीनं ऐकलं. वाढता वाढता तिचा हात थांबला. तिचा राग मी फार थोड्या वेळा पाहिला आहे. ती चिडली की आवाज उलट खाली जायचा. "स्वप्ना, तूने जो देखा वो हुआ," ती म्हणाली. "क्यूँ हुआ, ये अलग सवाल है." आणि मला मराठीत म्हणाली, "एवढी चांगली नजर, आणि आम्ही तिला स्वतःच्याच डोळ्यांवरचा भरवसा सोडायला लावलं. हे मला चालणार नाही."

दुसऱ्याच दिवसापासून तिनं स्वतः यंत्रावर बसून तेच काम केलं, आणि तिचेही स्फटिक लवकर धरले. तिला इतका आनंद झाला की दादाला कळेना, स्वतःचंच काम चुकल्यावर माणूस शिट्टी का वाजवतं. "आता दोघींचे हात थरथरतात असं म्हणावं लागेल," ती म्हणाली. साहेबांनी तोडगा काढला, हिवाळ्याच्या आणि उन्हाळ्याच्या आकड्यांची सरासरी काढा. ती म्हणाली, "दोन खऱ्या गोष्टींची सरासरी खोटी येते." मग तिनं एकेक करून सगळं तपासलं. तार बदलली. मळीचा डबा बदलला. वीज मोजणारं यंत्र दुसऱ्या खोलीतून आणून लावलं. मळी आधी पुरेशी तापवली नाही तर जुन्या स्फटिकांची बारीक बीजं शिल्लक राहतात, आणि नवे त्यांच्यावरच धरतात. म्हणून जास्त तापवून पाहिली. काही फरक नाही. आणि या सगळ्या वेळात त्या खोलीच्या खिडकीत आमच्या घरचा जुना पत्र्याचा कूलर घरघरत बसलेला होता.

हा कूलर वहिनीनंच नेला होता. आपल्याकडचा उन्हाळा, खोलीत तापलेली तार, आणि एसीचा अर्ज वरच्या मजल्यावर कुठेतरी झोपलेला. तेव्हा हिनं माळ्यावरचा कूलर रिक्षात घालून नेला, वाळ्याचे नवे पडदे बसवले, आणि तो सरळ सूक्ष्मदर्शकाच्या पाठीमागे खिडकीत ठेवला. रोज दोघी त्यात बादल्यांनी पाणी ओतायच्या. खोली अशी छान गार आणि वाळ्याच्या वासाची झाली की शेजारच्या खोल्यांतले लोक कागद विचारायच्या निमित्तानं येऊन उभे राहायचे. कूलरबद्दल एकाच्याही मनात काही आलं नाही. कसं येणार? तेराशे-चौदाशे अंशांवर पेटलेला थेंब, त्याला खोलीतल्या दमट हवेचं काय? पाणी त्याच्या जवळपास तरी टिकेल का? ही चूक फार शिकलेल्या माणसांनीच करावी अशी होती.

त्याच दिवसांत पापड झाले. आम्ही दोघी दरवर्षी उडदाचे पापड हिमायतनगरच्या गच्चीवर घालत असू. दुपारी मी खाली जरा आडवी झाले होते, वहिनीनं कडक वाळलेले पापड गच्चीवरून आणले आणि ताटं हॉलमध्ये मांडून ठेवली, नव्या कूलरच्या पुढ्यात. संध्याकाळी मी डबा भरायला घेतला तर सगळे सादळलेले. माझा पारा चढला. "कूलरपुढे पापड कुणी ठेवले?"

"मी. गरम होते गं, उन्हातून आणलेले."

"गरम होते म्हणून त्यांना ओल लागत नाही, असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय?"

मला अजून दिसते ती तशी. एक सादळलेला पापड हातात, तो वाकवून बघते आहे, मोडत नाही तरी वाकवते आहे. "कुठल्याच नाही," ती म्हणाली. "कुठल्याच पुस्तकात नाही." मग तिनं तो पापड ताटात ठेवला आणि तशीच स्वप्नाला फोन करायला गेली. पापड दुसऱ्या दिवशी मी एकटीनं वाळवले, हेही नोंदवून ठेवते.

त्या सोमवारी त्यांनी कूलर बंद केला आणि खिडक्या लावून घेतल्या. घामानं दोघींची आंघोळ झाली. स्फटिक उशिरा धरले, हिवाळ्यासारखे. कूलर लावला, लवकर धरले. स्वप्ना रडायला लागली. मी असते तर तिथंच थांबले असते. वहिनी म्हणाली, "थांब. हे पाण्यानं झालं की वाऱ्यानं?" कारण कूलर वाराही देतो, आणि वाऱ्यानंही थेंब गार होतो. मग कूलर नुसता, बिनपाण्याचा चालवला, वाळ्याचे पडदे काढून. वारा तोच, पण कोरडा. स्फटिक पुन्हा उशिरा. म्हणजे ओलच. मग पुढचे कित्येक महिने त्यांनी हवा नळीतून आणली, ओल शोषणाऱ्या निळ्या दाण्यांवरून नेऊन कोरडी केली, हिशेबानं ओली केली, आणि दर वेळी पाहिलं. हवेतली वाफ त्या पेटलेल्या रसात थोडीशी शिरते, आतली बांधणी सैल करते, आणि स्फटिकांना जमायला सोपं जातं. असं दुसरीकडेही कुणाकुणाला दिसलेलं होतं, हे तिला मागाहून वाचायला मिळालं. त्याचंही तिला वाईट वाटलं नाही. "म्हणजे आपलं बरोबर आहे," एवढंच म्हणाली. साहेबांनी सुचवलं, यापुढे कोरड्या हवेत काम करा आणि विषय संपवा, जुन्या आलेखाबद्दल कशाला बोलायचं? तिनं त्या परदेशी नियतकालिकाला कळवलं की माझा आलेख कोरड्या हवेतला आहे, आणि हवा कशी होती हे मी लिहायला हवं होतं, ते लिहिलं नाही. स्वप्नाचा प्रबंध त्या ओलीवरच झाला. पदवी मिळाल्यावर ती घरी आली आणि वाकून नमस्कार करायला लागली, तेव्हा वहिनीनं तिचे खांदे धरून विचारलं, "चष्मा तो नै बनाया ना?"

मी ही गोष्ट चार लोकांत रंगवून सांगायची, पापडांनी शोध लावला म्हणून. वहिनीला ते मुळीच आवडत नसे. "गोष्ट छान आहे, पण खरी नाही," ती म्हणायची. "तार झाली होती, डबा झाला होता, वीज झाली होती. राहिली होती ती हवाच. तू आठवडाभर आधी पोचवलंस, बस." मी म्हणायचे, "आठवडा तर आठवडा, पण द्यायचा." ती द्यायची. एरवी मात्र ती देवी वगैरे नव्हती, ते इथं सांगून टाकते. दूध तिच्या हातून नेमानं उतू जायचं, कारण साय कशी सुरकुतते ते बघत राहायची. लग्नाचे मुहूर्त चुकवायची. दादाला वाढदिवसाला तिनं एकदा गारगोटी दिली होती. आणि कुणी दुःखात असलं की तिला काय बोलावं ते सुचत नसे, आई गेली तेव्हा माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "सुषमा, तुला आत्ता नक्की कसं वाटतंय?" मला तेव्हा ते फार कोरडं वाटलं होतं. आता मात्र तो प्रश्न कुणी विचारत नाही याचं मला रोज वाईट वाटतं. सगळे येतात ते मला कसं वाटत असेल ते मलाच सांगून जातात.

गेल्या आठवड्यात स्वप्नाचा फोन आला. आता ती खोली तिच्याकडे असते. "आंटी, एक बार आके देखो. आप कभी देखेच नै." खरं होतं. इतकी वर्षं ऐकलं, पाहिलं नव्हतं. दादाला म्हटलं चल, तो नको म्हणाला. त्याला तिथं जाणं अजून झेपणार नाही. मी एकटीच गेले. खोलीत आता एसी आहे. स्वप्नानं मला बसवलं, मोहरीएवढी मळी तारेवर ठेवली, वीज सोडली आणि म्हणाली, "देखो." थेंब पेटला. मला वाटलं होतं त्यापेक्षा किती सुंदर... पिवळा, नितळ, जिवंत. मग तो हळूहळू नारिंगी व्हायला लागला. बराच वेळ काहीच नाही. आणि मग डाव्या कडेला एक ठिपका, मी पापणी लववली तेवढ्यात त्याला टोक फुटलेलं, टोकाला फांदी, फांदीला फांदी... सगळा थेंब भरत गेला. माझे डोळे भरून आले आणि पुढचं दिसेना.

"फिर से करतूं," स्वप्ना म्हणाली. तिनं बटण फिरवलं आणि सगळे स्फटिक विरघळून गेले, काहीच झालं नव्हतं असा थेंब पुन्हा नितळ. माझ्या मनात आलं, हे किती सोपं आहे इथं. डोळे पुसून मी पुन्हा वाकले. नारिंगी झाला. वाट पाहिली. या वेळी ठिपका उजवीकडे उगवला, पार वर.

"अगं, मघाशी डावीकडे आला होता, आता इकडे का?" मी विचारलं, आणि विचारता विचारता वहिनीच्या उत्तरासाठी मान वर केली, कूलर असायचा त्या खिडकीकडे. तिथं कुणी नव्हतं. स्वप्नाकडे पाहिलं तर तीही खिडकीकडेच बघत होती. तिनं पदरानं तोंड पुसलं, स्टूल ओढून माझ्या अगदी जवळ बसली.

"मालूम नै, आंटी," ती म्हणाली. "देखना पडेंगा." आणि तिनं थेंब परत वितळवायला घेतला.